कुंकवाची कासवं

"गिळा, गिळा! तेवढंच येतंय तुमाला. हात दिसला की वासलं तोंड. आधीची बरी, लाजत तरी हुती."

म्हातारी हे कुणाला ऐकवत नव्हती. तळ्याच्या पायरीवर बसून ती मूठमूठ खाऊ पाण्यात टाकत होती आणि आपली पुटपुटत होती. पाण्यातून आठ-दहा कासवं माना उंच करून तिच्या मुठीकडे टक लावून बघत होती. मागच्याच पायरीवर बसून पंकजा बुटात गेलेला खडा काढत होती, म्हणून तिला ऐकू आलं. मागे खाकीतली बाई बसलीय हे म्हातारीला कळलं असतं, तर तिने एवढंही तोंड उघडलं नसतं.

"मॅडम! पोतं इकडं हाय, इकडं!"

देवळाच्या ओट्यावरून आबासाहेबांची हाक आली. म्हातारी दचकली. डोक्यावरचा पदर पुढे ओढून भिंतीच्या कडेकडेने निघून गेली.

पंकजा शेवगावची वनरक्षक. चाळिशी उलटलेली, गुडघे कुरकुरायला लागलेले. तिला फोन यायचे ते उसात बिबट्या दिसल्याचे. कासवांसाठी बोलावणं हे पहिलंच.

जळाईवाडीच्या तळ्यातली कासवं म्हणजे जळाई देवीची. ती आहेत तोवर गावाला तहान नाही, असं गाव पिढ्यान्‌पिढ्या मानत आलेलं. त्यांना कुणी दगड मारत नाही, धरत नाही. आणि काल जत्रेच्या मांडवाला बांबू शोधणाऱ्यांना तळ्यात मासे धरणाऱ्या बन्सीच्या झोपडीमागे एक पोतं सापडलं. आत कासवांची कवचं. दुपारपर्यंत व्हिडिओ तालुकाभर झाला, आणि संध्याकाळी पंकजाला तिच्या साहेबांचा फोन.

"पंकजाताई, सोमवारी जत्रा आहे. त्याच्या आत गुन्हा नोंदवा आणि आरोपी हजर करा. कवचं सापडली, माणूस सापडला. अजून काय पाहिजे तुम्हाला?"

काय पाहिजे ते तिलाही सांगता आलं नव्हतं.

आबासाहेब देवस्थानाचे अध्यक्ष. पांढरंशुभ्र धोतर, डोक्याला फेटा, आवाज देवळातल्या घंटेसारखा. पोत्याला हात लावण्याआधी त्यांनी बोटं कपाळाला टेकवली. मघाशी तिची स्कूटी सावलीत ढकलतानाही त्यांनी असंच केलं होतं, स्कूटीला नमस्कार करून.

"बगा. देवीची लेकरं. सोडू नका त्याला."

पंकजाने कवचं ओट्यावर मांडली. नुसती हाडाची कवचं उरली होती, वरची कातडी कधीच गळून गेलेली. तिने एकेक उलटंपालटं केलं. पोटाची बाजू जवळजवळ सगळ्यांची शाबूत. फुटली होती ती पाठ. काहींवर एका ओळीत, सारख्या अंतरावर खोल खोबण्या पडल्या होत्या.

"आबासाहेब, कासव खायचं असलं तर कुठून फोडतात?"

"मला काय ठावं? आमी माळकरी."

"पोटाकडून फोडतात. पाठीवर घाव घालत बसत नाहीत."

"मग चवताळला आसंल."

कवचांच्या आत काळाभोर गाळ सुकून घट्ट बसला होता. जळाईवाडीची जमीन तांबूस, मुरमाड. एका कवचात पांढऱ्या मुळ्यांचा झुपका अडकला होता. पंकजाने तो नाकाला लावला. वास ओळखीचा निघाला, रोजच्या फोडणीतला. तिने मुळ्या रुमालात बांधल्या आणि पोतं उचललं.

---

बन्सीची झोपडी तळ्याच्या पलीकडच्या अंगाला, पाणकणसाच्या दाटीत. तो जाळं विणत बसला होता आणि पंकजाला बघूनही त्याने मान वर केली नाही. त्याची बायको बनाबाई मात्र धावत आली.

"ताई, तीन वर्सं आत टाकत्यात म्हनं. खरं हाय का वो?"

खरं होतं. तीन ही कमीत कमी. पंकजाने हातातलं पोतं खाली ठेवलं, आणि बनाबाईला कळलं. ती उंबऱ्यावर खाली बसली.

"बन्सी, ही कवचं कुठून आणलीस?"

"सापडली."

"कुठं?"

"हितंच. शिवारात."

"कासवं शिवारात?"

त्याने जाळ्याचा पुढचा फास ओढला.

"त्यांचं काय करणार होतास?"

"पान्यात सोडनार हुतो. पान्यातलं पान्यात गेलं म्हंजी बरं."

"मारली कुणी?"

बन्सीने जाळ्याची गाठ दाताने आवळली. "बाई, तळं गावाचं. वावरं गावाची. हे जाळं तेवढं माझं. मला काय इचारता?"

"कुणाला वाचवतोयस?"

"म्या?" तो पहिल्यांदा हसला. "म्या कुनाला वाचवनार! उद्या गावानं जाळं टाकू दिलं न्हाई तर हिला काय घालू खायाला?"

तेवढ्यात कणसांपाशी पाणी हललं. डुकराच्या नाकाडासारखं एक बारकं, टोकदार नाक वर आलं. त्यामागे चपटी, मातकट, कडेला मऊ पडलेली पाठ. पंकजाला पाहताच ते बुडालं. पाण्यावर एक बुडबुडा तेवढा राहिला.

"लाजतंय," बन्सी म्हणाला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला होता. "एकच ऱ्हायलंय."

"एकच? आणि पायरीवर ती एवढी आहेत की."

बन्सीने पुन्हा जाळं मांडीवर ओढलं. पंकजाने बुडबुड्याच्या जागेकडे पाहिलं. मग निघता निघता तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "मागच्या उन्हाळ्यात तळं आटलं होतं ना रे?"

"ठनठनीत."

"मग कासवं कुठं गेली होती?"

"पानी आटलं म्हून ती काय गावाला जात न्हाईत, बाई."

एवढं बोलून त्याने जाळं उचललं आणि आत गेला.

---

देवळासमोर नारळ-फुलांचं दुकान होतं, विजयमालाचं. तिथे कासवांच्या प्रसादाच्या पुड्या टांगलेल्या.

"पूर्वी काय घालायचे कासवांना?" पंकजाने विचारलं.

"कुरमुरे, भाकरीचा चुरा. पर ती कुटं खायला वर यायची! मान्सं गेली की मग खायची. आता बगा कशी हातातनं घेत्यात. कुकू उमटल्यापासनं गुण बदलला बगा त्यांचा."

"कुंकू?"

विजयमालाचे डोळे मोठे झाले. "तुमाला ठावं न्हाई? आवो, मागच्या उन्हाळ्यात समद्या गावानं मिळून तळ्यातला गाळ काढला. देवी परसन्न झाली. पाऊस पडला, तळं भरलं आन्‌ कासवं वर आली ती कपाळाला कुकू लावूनच! डोळ्याच्या मागं, हितं, लालभडक. लांबलांबनं मान्सं येत्यात आता."

पंकजा पायरीवर गेली. एक कासव धिटाईने पुढे आलं. पाठ टणक, हिरवट, पिवळ्या रेघांची. डोळ्यामागे लाल पट्टा. तिने ओल्या अंगठ्याने तो पुसून पाहिला. पुसला गेला नाही. कासवाने तिचा अंगठा खाऊ समजून धरला.

तिने पुडी फोडून हुंगली. तपकिरी कांड्या, आणि वास थेट सुकटीचा.

"विजयमालाबाई, हा प्रसाद कोण आणतं?"

"आबासाहेब. नगरावनं. का वो?"

"काही नाही. वास येतो."

"देवाच्या वस्तूला वास आसतोच," विजयमाला म्हणाली आणि माळकऱ्यांच्या एका घोळक्याला तिने हातोहात चार पुड्या विकल्या.

पंकजाला हसू आलं. मग बनाबाई उंबऱ्यावर कशी बसली होती ते आठवलं आणि हसू गेलं.

तळ्यामागे कांद्याची वावरं होती. तांबूस रानात अधेमधे काळ्या मातीचे पट्टे, जणू जुन्या लुगड्याला नवी ठिगळं. तीन बायका खुरपत होत्या.

"का गं बायांनो, वावरात कधी कासव सापडलं का?"

खुरपी थांबली. "वावरात कुटं कासव आसतंय व्हय ताई!" एक म्हणाली आणि सगळ्या हसल्या. पण हसताना त्या तिघींचीही नजर एकाच बांधाकडे जाऊन परत आली.

बांधावर दगडांची लहानशी रास होती. तिला हळदकुंकू वाहिलेलं, वर सुकलेलं झेंडूचं फूल.

"हे काय?"

"म्हसोबा."

पुढच्या बांधावर तशीच रास. त्याच्या पुढच्या बांधावरही. जिथे जिथे काळी माती, तिथे तिथे दगड आणि कुंकू.

"प्रत्येक बांधाला म्हसोबा?"

"यंदा लई झाल्यात," मघाचीच बाई म्हणाली. या वेळी कुणी हसलं नाही.

पंकजा एका राशीपाशी उकिडवी बसली. वरचा दगड उचलला, आत पाहिलं आणि होता तसा ठेवून दिला. मग इकडेतिकडे बघून तिनेही पटकन हात जोडले. खाकी घालून असं करायचं नसतं, पण सवय.

---

पंकजाची नोकरी शेवगावला, पण राहायला ती नगर शहरात, सावेडीत. बोर्डावर अहिल्यानगर आलं तरी तिच्या तोंडात अजून नगरच. तिच्या सोसायटीखाली शोभेच्या माशांचं दुकान होतं. दुसऱ्या दिवशी ते उघडताच ती आत शिरली. काचेच्या टाकीत नाण्याएवढी हिरवी पिल्लं वळवळत होती. डोळ्यामागे लाल पट्टा.

"लकी टर्टल, मॅडम," दुकानदार म्हणाला. "घरात ठेवा, बरकत येते. मूळचं परदेशी बियाणं."

"मोठी मिळतील?"

"नाही हो. लोक हौसेनं नेतात, ताटाएवढी झाली की परत आणून आदळतात. कुठं ठेवायची? मागं पहिला पाऊस झाल्यावर एका आजोबांनी सगळी एकदम नेली. माझ्याकडची नेली, शहरातल्या बाकी दुकानांतलीही नेली. देवच भेटला मला."

"कसे होते आजोबा?"

"फेटेवाले. गंमत म्हणजे टब उचलायच्या आधी त्यांनी टबाला नमस्कार केला."

पंकजा दुकानाबाहेर येऊन उभी राहिली. कोडं सुटलं होतं आणि तिला अजिबात बरं वाटत नव्हतं. तिने प्राणी सांभाळणाऱ्या एका केंद्राला फोन लावला. आपल्याकडची ही परदेशी कासवं न्याल का? तिकडून आधीच दमलेला आवाज आला. "ताई, आणू नका. आमचं टाकं भरलंय. दुसऱ्या पाण्यात सोडूही नका, तिथल्यांचं खाणं आणि जागा दोन्ही बळकावतील."

"मग काय करू?"

"ते आम्हालाही कुणी सांगितलेलं नाही."

---

जत्रेच्या आदल्या दिवशी सभामंडपात गाव जमलं. मध्यभागी, प्रत्येक देवळात असतं तसं, जमिनीत बसवलेलं दगडी कासव. त्याच्या एका अंगाला बन्सी आणि बनाबाई, दुसऱ्या अंगाला आबासाहेब. बायका खांबांमागे. त्यांच्यात परवाची म्हातारी होती. ती चांगुणाबाई, आबासाहेबांची बायको, हे पंकजाला आज कळलं.

"मॅडम, उरका," आबासाहेब म्हणाले. "मांडवाचं काम पडलंय."

"उरकते." पंकजाने पोतं दगडी कासवापाशी ठेवलं. "ही कवचं बन्सीकडे सापडली. पण बन्सीनं ही मारलेली नाहीत. मारणारा पोट फोडतो, इथे पाठी फुटल्यात. आणि या खोबण्या बघा, एका ओळीत. कोयत्याच्या नाहीत या. जेसीबीच्या बकेटला दात असतात ना, त्यांच्या आहेत."

तिने एक कवच उलटं धरलं आणि रुमालाची गाठ सोडली.

"आत गाळ आहे, तळ्यातला. आणि ही मुळी कांद्याची. तळ्यात कांदा पिकत नाही. म्हणजे कासव तळ्यातून वावरात गेलं. चालत गेलं का?"

"पावसात हिंडत्यात ती," कुणीतरी म्हणालं.

"ट्रॉलीतून गेलं. आपली मऊ पाठीची कासवं उन्हाळ्यात पाणी आटलं की चिखलात खोल घुसतात आणि पहिल्या पावसापर्यंत झोपतात. माझ्या माहेरी विहिरीचा गाळ काढताना असंच एक निघालं होतं. वडिलांनी त्याच्यावर परत चिखल लोटला होता. इथे भर उन्हाळ्यात, ती झोपलेली असताना जेसीबी चालला. गाळासकट ती ट्रॉलीत गेली, वावरात पसरली, वरून नांगर फिरला."

"गाळ काढला म्हून तळ्याला आज पानी हाय!" आबासाहेबांचा आवाज चढला. "गावाच्या भल्यासाटीच काढला न्हवं?"

"भल्यासाठीच काढला. पाणी आहे, तेही खरं." पंकजा म्हणाली. तिला या म्हाताऱ्याचा राग यायला हवा होता, आणि तो येत नव्हता. "पण पाऊस पडल्यावर तळ्यात कासव दिसेना. देवीची कासवं गेली हे गावाला कळलं असतं, तर गाव भ्यालं असतं. म्हणून कुणीतरी नगरच्या दुकानांतून टबभर कासवं आणली. दुकानात वाढलेली, हात दिसला की तोंड उघडणारी. त्यांचा खाऊही दुकानातलाच, त्यात मासळीची पूड असते. परवा मी तो हुंगला."

माळकऱ्यांच्या रांगेत दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि हात धोतराला पुसले.

"आणि कुंकू?" विजयमालाने विचारलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"ते जन्मतःच असतं त्यांना, विजयमालाबाई. पुसलं जात नाही."

"कुनी आनली?" मागून आवाज आला.

"ज्यांनी टब उचलण्याआधी टबाला नमस्कार केला, त्यांनी."

सगळ्या माना वळल्या. आबासाहेबांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते, जणू ते हात आपण होऊन कपाळाकडे जातील.

"आनली," ते शेवटी म्हणाले. "म्याच आनली. गावाचा इस्वास मोडू नये म्हून आनली. खाऊ बी म्याच आनला. त्यात मासळी हाय हे देवीशपत ठावं न्हवतं. पर आधीची मेली कशानं, ते मला म्हाईत न्हाई. ट्रॉलीत कासव हुतं आसं कुनी बगितलंय का? इचारा गावाला."

पंकजाने गावाला विचारलं. "कुणाच्या वावरात सापडलं? बांधावरच्या राशींत काय पुरलंय?"

कुणी पायाच्या नखाने फरशी कोरू लागलं. कुणी घंटेकडे पाहिलं. ज्यांच्या ज्यांच्या बांधावर दगड रचले होते, ते सगळे इथे होते, आणि सगळे दगड झाले होते.

"मला जबाब पाहिजे," ती म्हणाली. "एकाचा तरी. मी रास उकरून पंचनामा करीन, पण ती कवचं तिथं कशी आली हे दगड सांगणार नाहीत. साहेबांना माणूस हवाय. कुणी बोललं नाही, तर बन्सीला मला गाडीत बसवावं लागेल. मला पटो न पटो."

बनाबाईने बन्सीचा सदरा मुठीत धरला. बन्सी तिची बोटं एकेक करून सोडवत होता. "आसू दे गं," तो म्हणाला. "त्यांनी तरी काय बोलावं?"

पंकजाने कागद काढला. तिने बन्सीचं नाव लिहायला पेन टेकवलं आणि शाई उतरेना म्हणून झटकलं. शाई उतरत होती.

"थांबा, बाई."

खांबामागून चांगुणाबाई पुढे आल्या. आजवर या मंडपात त्या पुरुषांपुढे कधी आल्या नव्हत्या. आबासाहेब अर्धे उठले.

"तू घरी जा."

"परवा पायरीवर तुमी माझ्या मागं बसला हुता न्हवं?" चांगुणाबाई पंकजाला म्हणाल्या. "मला मागनं कळलं. तवापासनं डोळ्याला डोळा न्हाई." त्या वाकल्या. पोत्यातलं एक कवच काढून त्यांनी दगडी कासवाच्या पाठीवर ठेवलं. "मोट्या वावरात पैली ट्रॉली आमचीच रिती झाली. म्या न्याहरी घिऊन गेल्ते. गाळात पाय हालत हुते. जिती हुती. म्या ह्यास्नी दावली. हे म्हनले, मशीन थांबली तर काम ऱ्हाईल, आन्‌ गप बस. म्या गप बसले. मग समद्यांच्याच वावरात निगाया लागली, आन्‌ समदेच गप बसले. दगड रचले, कुकू वाहिलं. रोज सांजेला म्या त्या परक्या जिवांस्नी खाया घालते आन्‌ त्यांनाच शिव्या देते. त्यांचा काय गुन्हा?"

"चांगुणे!"

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. पदर मागे सारला आणि कागदावर बोट ठेवलं.

"त्याचं नाव खोडा. माझं लिव्हा. चांगुणा. आन्‌ खाली लिव्हा, बन्सीनं न्हाई, परक्या कासवांनी न्हाई, देवीची कासवं आमी मारली."